श्रेयपानावर मावलं नाही म्हणून

प्रिय संपादकताई,
सप्रेम नमस्कार.

माझ्या डिझाइनच्या कामांचं पुस्तक हातात आलं. प्रथेप्रमाणे तुमचं नाव श्रेयपानावर बारीक अक्षरांत आहे. तेवढ्यानं माझं समाधान होईना, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर.

माझ्या कल्पनेतलं पुस्तक साधं होतं. बोधचिन्हं, मुखपृष्ठं, पोस्टरं, सगळं पूर्ण झालेलं आणि सालवार. पहिल्याच बैठकीत तुम्ही विचारलंत, "नाकारलेली कामं कुठायत?" मग जुन्या फायलींतली ट्रेसिंग पेपरवरची रेखाटनं तुम्ही स्वतः बसून निवडलीत. छापलेल्या बोधचिन्हाशेजारी त्याची वाटेत गळालेली रूपं लागली आणि निर्णय कसा होत गेला ते उघड दिसू लागलं. विद्यार्थी मला याच पानांबद्दल विचारतात.

प्रेरणांच्या प्रकरणातली माझी गोलगोल कृतज्ञता तुम्ही सरळ खोडलीत. कुणाकडून नेमकं काय घेतलं ते लिहा, म्हणालात. म्हणून स्विस डिझायनर योझेफ म्युलर-ब्रॉकमान यांच्या १९५५च्या, बेथोव्हेनच्या संगीताच्या मैफलीसाठी केलेल्या पोस्टरबद्दल लिहिताना मला त्यातल्या कमानी पुन्हा मोजाव्या लागल्या: जाडी दुपटीनं वाढत जाते, आणि त्या शिस्तीतूनच संगीताचा चढ जाणवतो. जर्मन डिझायनर ओटल आयशर यांची १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकची खेळचिन्हंही तशीच. उभ्या, आडव्या आणि ४५ अंशांतल्या रेषांत अख्खा खेळाडू पळतो! माझ्या चिन्हांत रेषांची ही जाळी कुठं आहे, ते वाचकाला आता बोट ठेवून दाखवता येतं. आयुष्यभराच्या ऋणाची इतकी चोख नोंद मी एकट्यानं केली नसती.

छपाईतही तुमचं लक्ष होतं. बऱ्याच पोस्टरांची मूळ आर्टवर्क उरलेली नव्हती, छापील प्रतीच स्कॅन कराव्या लागल्या. जुन्या छपाईचे ठिपके आणि नव्या छपाईच्या ठिपक्यांची जाळी एकमेकांवर आली की नको ती नक्षी उमटते. ती जाईपर्यंत तुम्ही प्रूफं परत पाठवत राहिलात. माझा शेंदरी रंग छपाईच्या नेहमीच्या चार शाईंत मळका येत होता, तेव्हा त्यासाठी वेगळ्या पाचव्या शाईचा खर्च प्रकाशकांच्या गळी तुम्हीच उतरवलात. फर्मे, म्हणजे दुमडलेल्या छापील पानांचे गठ्ठे, शिवून बांधायचा हट्टही तुमचाच, त्यामुळे दोन पानांवर पसरलेली पोस्टरं मधोमध गिळली जात नाहीत.

या पुस्तकात काम माझं आहे, पण ते वाचता येतं ते तुमच्यामुळे. मनापासून आभार.

तुमचा,
या पुस्तकातला डिझायनर