मूळ 'पेंटर मॅन' ऐकवणाऱ्या काकांस

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र खरं तर वीस वर्षांपूर्वीच जायला हवं होतं. दादा, म्हणजे पाट्या-बोर्ड रंगवणारे माझे वडील, तेव्हापासून म्हणत होते, "काकांना लिही." ते स्वतः लिहीत नाहीत. त्यांच्या हाताला दोन-दोन फुटी अक्षरांची सवय, पत्राच्या कागदावर ती मावायची नाहीत असं ते म्हणायचे. आता उशीर झालाच आहे, तर उघड पत्रच लिहिते. बोनी एम या डिस्को बँडच्या 'पेंटर मॅन' या इंग्रजी गाण्यावर लग्नाच्या वरातीत नाचलेल्या सगळ्यांनीच ते वाचावं.

२००३ साली तुम्ही इंग्लंडहून सुट्टीवर मिरजेला आला होता आणि तिकडच्या घरासाठी नावाची पाटी रंगवून घ्यायला आमच्या दुकानात आलात. इंग्रजी नको, मराठीतच हवी, असं तुम्ही बजावून सांगितलं होतं. फ्लेक्स येऊन कामं निम्म्यावर आली होती, त्यामुळे दादांनी त्या एका पाटीवर अख्खी सकाळ घालवली. टेपवर नेहमीसारखी बोनी एमची कॅसेट चालू होती. 'पेंटर मॅन' लागलं की दादा आवाज वाढवायचे. शब्द कळत नसले तरी 'पेंटर' कळायचं, तेवढं त्यांना पुरे होतं. तुम्ही स्टुलावर बसून रंग वाळायची वाट बघत होता. गाणं संपल्यावर म्हणालात, "पेंटर, हे गाणं यांचं नाही हो. ज्यांचं आहे ती पोरं आमच्या घरापासून जवळच्या गावातली."

दादांचा ब्रश थांबला. मी तिथेच होते, कॉलेजला निघाले होते.

दोन महिन्यांनी तुमचं पार्सल आलं. आत एक कॅसेट आणि चार पानी पत्र. कॅसेटच्या एका बाजूला 'पेंटर मॅन' सलग सहा वेळा भरलेलं होतं. खाली तुम्ही लिहिलं होतं, "हातात ब्रश असताना कॅसेट मागे फिरवायला लागू नये म्हणून." काका, या एका ओळीसाठी मी तुमचे आभार जन्मभर मानत राहीन. आमच्या घरात दादांच्या कामाचा इतका बारीक विचार कुणी केला नव्हता, मी तर नाहीच नाही.

पत्रात तुम्ही गाण्याचा मराठीत अर्थ लिहून दिला होता. एक पोरगा कॉलेजात चित्रकला शिकतो, पदवी घेतो, पण त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. मग तो जाहिराती रंगवतो, डब्यांवरची लेबलं रंगवतो. दादांनी ते पान दोनदा वाचून घेतलं. त्यांनाही मुंबईला जे. जे.त चित्रकला शिकायला जायचं होतं. घरच्या परिस्थितीने सतराव्या वर्षी हातात एनॅमलचा डबा आला. इतकी वर्षं ज्या गाण्यावर ते मान डोलवत होते, ते त्यांचंच निघालं.

मग त्या पोरांची गोष्ट. लंडनच्या उत्तरेला हर्टफर्डशरमधलं चेशंट हे त्यांचं गाव. आधी बँडचं नाव 'द मार्क फोर', १९६६ मध्ये ते 'द क्रिएशन' झालं. गायक केनी पिकेट, गिटारवर एडी फिलिप्स, बेसवर बॉब गार्नर, ड्रमवर जॅक जोन्स. बँड मॉड वळणाचा; मॉड म्हणजे इस्त्रीचे कपडे, स्कूटर आणि अमेरिकन सोल संगीताचं वेड असलेली तेव्हाची तरुण पोरं, हेही तुम्ही समजावलं होतं. निर्माता शेल टाल्मी, म्हणजे ज्याने द किंक्स आणि द हू या गाजलेल्या ब्रिटिश बँडच्या सुरुवातीच्या रेकॉर्ड केल्या तोच. असं सगळं जुळलेलं असताना पहिलं गाणं 'मेकिंग टाइम' खपाच्या ब्रिटिश यादीत ४९व्या क्रमांकावर अडकलं आणि 'पेंटर मॅन' ३६व्या. जर्मनीने मात्र त्यांना डोक्यावर घेतलं, तिथे 'पेंटर मॅन' पहिल्या दहात गेलं. १९६७चा त्यांचा एलपी, म्हणजे अनेक गाण्यांची मोठी रेकॉर्ड, तोही जर्मनीत निघाला, स्वतःच्या देशात नाही. हे मला आजही लागतं.

दादांना सगळ्यात आवडलं ते स्टेजवरचं. पिकेट गाता गाता मागच्या कॅनव्हासवर रंगाचे फवारे मारायचा आणि कार्यक्रमाच्या शेवटी कधी कधी ते चित्र पेटवून द्यायचे. पेटवण्याचं दादांना पटलं नाही. रंग महाग असतो. पण 'मेकिंग टाइम'मध्ये एडी फिलिप्स गिटारीच्या तारांवरून व्हायोलिनचा गज फिरवतो, तो आवाज आला तेव्हा ते उठून टेपजवळ जाऊन बसले. "सारंगीवाला भांडायला लागला तर असा वाजवंल," म्हणाले. पुढे लेड झेपेलिन या रॉक बँडच्या गिटारवाल्या जिमी पेजमुळे ही करामत जगभर गाजली. फिलिप्सने ती १९६६च्या रेकॉर्डवर करून ठेवली होती.

फिलिप्सचं एक वाक्य तुम्ही अधोरेखित करून पाठवलं होतं: आमचं संगीत लाल आहे, त्यात जांभळ्या चमका. दादा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "लालवर जांभळा उठत न्हाई. खाली पांढरा हात मारावा लागतो. त्यांनी मारलाय. ऐक." आणि पुन्हा गाणं लावलं. मला तेव्हा काही कळलं नाही. आता कान देऊन ऐकते तेव्हा गाणारा थांबतो, तारांवर गज चढतो आणि त्या जागी मला खरंच रंग दिसतो.

पुढचं सगळं थोडक्यात विस्कटलं. १९६७ मध्ये पिकेट बाहेर पडला, मग फिलिप्सही. पिकेट परत आला तेव्हा गिटारवर रॉनी वुड होता, पुढे रोलिंग स्टोन्स या नामांकित बँडमध्ये गेलेला. १९६८ मध्ये बँड मोडला. १९७९ मध्ये बोनी एमने तेच 'पेंटर मॅन' ब्रिटनमध्ये दहाव्या क्रमांकावर नेलं. बोनी एमवर माझा राग नाही. ते नसते तर मिरजेत हे गाणं पोचलंच नसतं. पण बोर्ड रंगवून झाला की पेंटर खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात आपलं नाव टाकतो. या गाण्याच्या कोपऱ्यातलं 'पिकेट-फिलिप्स' आम्हाला तुम्ही वाचून दाखवलंत.

अॅलन मगी नावाच्या त्यांच्या एका चाहत्याने १९८३ मध्ये आपल्या रेकॉर्ड कंपनीलाच 'क्रिएशन' नाव दिलं, आणि १९९६ मध्ये त्याच कंपनीने पुन्हा एकत्र आलेल्या या बँडचा नवा अल्बम काढला, हे मी नंतर दादांना सांगितलं. त्यावर ते इतके खूश झाले की चहा मागवला. अल्बमच्या पुढच्याच वर्षी, जानेवारीत, पिकेट वारला होता. ते मी त्या दिवशी सांगितलं नाही.

तुमच्या पार्सलनंतर दादांनी दुकान बंद करायचा विचार सोडला, असं मी म्हणणार नाही. त्याला इतर कारणंही होती. पण ते पुन्हा स्वतःसाठी रंगवायला लागले, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. रात्री शटर अर्धं ओढून, पत्र्याच्या तुकड्यांवर, तुमची कॅसेट लावून.

मागे तुमच्या बहिणीकडून कळलं की तिकडच्या पावसाने पाटीची अक्षरं पुसट झालीत. म्हणून सोबत नवी पाठवतेय. दादा आता ७६ वर्षांचे आहेत, रेघ मारताना डाव्या हाताने उजवं मनगट धरतात, तरी खडूची दोरी मारून सगळं स्वतः केलंय. जमीन लाल, अक्षरं जांभळी, मधे पांढरा हात दिलेला. कोपऱ्यात सही आहे. त्यांचा निरोप: थेट पाऊस लागेल अशा जागी लावू नका, वर्षातून एकदा वार्निशचा हात द्या, आणि खिळे ठोकू नका, स्क्रूच लावा.

काकूंना नमस्कार.

आपली,
मिरजेच्या पेंटरची थोरली