शुभे, तुझ्या सासूबाईंना जरा बाजूला ठेव

शुभे,

तुझा सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. पहिल्यांदा बसमध्ये ऐकला आणि डोळे भरून आले म्हणून दोन स्टॉप आधीच उतरले. उत्तर बोलूनच द्यायचं होतं पण जमेना, बोलायला लागले की मी लेक्चर देते आणि तू फोन कानापासून लांब धरतेस हे हॉस्टेलपासून माहितेय मला. म्हणून टाइप करतेय. चहा घेऊन बस, आणि केमोमुळे चहा नको वाटत असेल तर नुसती बस, लांबणारे हे.

तर तुझ्या स्तनाच्या कॅन्सरवर मावशी येऊन म्हणाली की "वीस वर्षं सासूचं सगळं गिळत राहिलीस, तेच गाठ होऊन बसलं." आणि तू पुढे म्हणालीस की मलापण आता तसंच वाटायला लागलंय. अगं, मावशी जे बोलली ना ते पावणेसातशे वर्षांपूर्वी एका चिनी वैद्याने लिहून ठेवलंय. सासूसकट! खोटं नाही सांगत.

आधी चिनी वैद्यांशी माझा संबंध कसा आला ते सांगते. मागच्या वर्षी मला डाव्या स्तनात सारखं ठणकायचं, पाळी आली की कमी व्हायचं आणि परत सुरू. मी घाबरून कुणाला सांगितलं नाही (हो, मीच, जी तुला 'अंगावर काढू नकोस' सांगत फिरते). खालच्या मजल्यावरच्या चिनी आंटीला लिफ्टमध्ये चेहऱ्यावरून कळलं बहुतेक, तिने धरून तिच्या वैद्याकडे नेलं. इथे सिंगापूरमध्ये हे वैद्य सरकारकडे रजिस्टर्ड असतात, आपल्याकडे आयुर्वेदवाले असतात तसंच. त्याने आधी दोन्ही हातांची नाडी बघितली, मग जीभ काढायला लावली, मग विचारलं झोप कशी, पाळी कशी, राग आला की बोलून टाकता का आत ठेवता. मी म्हटलं नवऱ्यावर काढते. तो हसलासुद्धा नाही. म्हणाला यकृताची 'छी' अडकलीय. छी म्हणजे आपल्या प्राण-वायूसारखं काहीतरी समज, आणि त्यांच्या हिशोबात यकृताचं काम म्हणजे ती छी सगळीकडे खेळती ठेवणं. राग, चिंता, मनातल्या मनात कुढणं याने ती तुंबते, तुंबली की कफ साचतो, रक्त साकळतं, आणि मग गाठ. स्तनातून छीची जी वाहिनी जाते ती पोटाची आणि स्तनाग्र यकृताच्या वाहिनीवर, म्हणून तुंबलं की तिथे दिसतं असं त्यांचं गणित. मला 'श्याओ याओ सान' नावाची पूड दिली, नावाचा अर्थ साधारण 'निवांत भटकणाऱ्याचं चूर्ण', हजारेक वर्षांपूर्वीपासूनचा नुस्खा आहे म्हणे. नाव ऐकूनच अर्धं बरं वाटलं.

पण पूड हातात देता देता त्याने शांतपणे सांगितलं की आत काय आहे ते माझी बोटं सांगू शकत नाहीत, आधी मॅमोग्राम करून या. मला तो माणूस तिथेच आवडला. मॅमोग्राम केला (पोळपाटावर पापड लाटतात तसं वाटतं, पण दहा मिनिटांत सुटका), रिपोर्टमध्ये 'डेन्स', म्हणजे स्तन आतून दाट, असं आलं म्हणून सोनोग्राफी, आणि शेवटी साधी पाण्याची गाठ निघाली. असो, माझं पुराण पुरे.

आता मावशीचं वाक्य आधीच लिहून ठेवणारा तो जुना चिनी वैद्य. त्याचं नाव जू दानशी, १२८१ साली जन्मलेला, जेज्यांग प्रांतातल्या यीवूचा. त्याने लिहिलंय की बाईचं नवऱ्याशी पटत नसेल, सासूसासऱ्यांची मर्जी नसेल, तर चिंता आणि राग सकाळ-संध्याकाळ साठत जातात आणि एक लपलेली गाठ होते, बुद्धिबळाच्या मोठ्या सोंगटीएवढी, दुखत नाही, खाजत नाही, आणि कित्येक वर्षांनी फुटून खडकातल्या गुहेसारखी जखम होते. चिनी लोक या रोगाला म्हणायचेच 'रु यान', म्हणजे स्तनातला खडक. आपल्याकडे खेकडा, त्यांच्याकडे खडक. आजही कॅन्सरचं जे चिनी अक्षर आहे त्यात खडकाचं अक्षर दडलेलं आहे. एक गंमत, पूर्वी कॅन्सर आणि साधी सूज या दोन्हींचा उच्चार एकच होता, 'यान', मग दवाखान्यात गोंधळ नको म्हणून कॅन्सरचा उच्चार बदलून 'आय' केला.

पुढे त्याच वैद्याने स्वतःच्या नात्यातल्या एका अठरा वर्षांच्या सुनेची केस दिलीय. नवऱ्याशी पटायचं, पण स्वभाव तापट आणि त्रास होता सावत्र सासूचा. तिला हिरव्या संत्र्याच्या सालीचा काढा दिला आणि दोन महिन्यांत बरी झाली. आता तूच सांग, अठराव्या वर्षी झालेली, दोन महिन्यांत सालीच्या काढ्याने गेलेली गाठ कॅन्सर असेल का? मला तर ती तरुण पोरींना होते तसली साधी गाठ वाटते. पण 'दुखत नाही, खाजत नाही' हे त्याने बरोबर टिपलं होतं, आणि आज एवढं शिकून आपण तिथेच फसतो. दुखत नाही म्हणून तू दोन महिने थांबलीस, आणि मी मात्र दुखतंय म्हणून मरायला टेकले होते.

आता पश्चिमेकडचं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीत रामाझिनी नावाच्या डॉक्टरच्या लक्षात आलं की मठातल्या नन्सना हा रोग जास्त होतो. म्हणजे तिकडे लग्न न केल्याने आणि चीनमध्ये लग्न करून, बाईने करायचं काय! पण या नन्सच्या धाग्यावरून पुढे खरंच काहीतरी हाती लागलं. १९२६ मध्ये इंग्लंडात जॅनेट लेन-क्लेपन या डॉक्टर बाईने ५०० पेशंट आणि ५०० बिनरोगाच्या बायका घेऊन प्रत्येकीला प्रश्न विचारले, लग्न कधी, मुलं किती, अंगावर पाजलं का. आज तुला फॉर्मवर जे जे विचारलं ते बहुतेक तिथूनच आलंय. मूळ मुद्दा हार्मोन्सचा. पाळी लवकर सुरू झाली, उशिरा गेली, मूल नाही किंवा तिशीनंतर झालं, तर स्तनातल्या पेशींना इस्ट्रोजेन या बायकी हार्मोनचा मारा जास्त वर्षं बसतो, त्या जास्त वेळा दुभंगतात, आणि जितक्या वेळा दुभंगणार तितकी चूक व्हायची शक्यता. पाळी गेल्यावर वजन वाढलं तर चरबीतूनच इस्ट्रोजेन बनतं. दारूही त्यातच, अगदी थोडीसुद्धा. (माझा शुक्रवारचा वाइनचा ग्लास बंद केलाय, तुला सांगायचं राहिलं होतं.) डिओ आणि काळी ब्रा हे व्हॉट्सॅपवरचं, ते सोड.

तू लगेच मोजायला बसशील, अकराव्या वर्षी पाळी, चौतिसाव्या वर्षी ओवी, आठ महिनेच पाजलं. हो, या गोष्टी यादीत आहेत, तुला खोटं कशाला सांगू. पण किती ते बघ ना. तीस देशांतल्या अभ्यासांची बेरीज केली तेव्हा एक अख्खं वर्ष पाजलं तर धोका साधारण ४ टक्क्यांनी कमी होतो असं निघालं. म्हणजे जो काही मूळ धोका असेल त्याच्या ४ टक्के, शंभरातल्या चार बायका नव्हेत. बँकेत तीन महिन्यांत परत रुजू व्हायला लागलं त्यावर तू जे रात्र रात्र रडतेस, त्याचा वाटा एवढुसा. आणि जागतिक आरोग्य संघटनाच सांगते की जवळपास निम्म्या केसेसमध्ये बाई असणं आणि वय वाढणं सोडून दुसरं काही कारण सापडतच नाही. निम्म्या, शुभे.

आणि मावशीच्या थिअरीचं म्हणशील तर तीपण तपासून झालीय. इंग्लंडात लाखभर बायकांना आधी विचारून ठेवलं, किती टेन्शन, घटस्फोट झाला का, घरात कुणी गेलं का, आणि मग वर्षानुवर्षं पाहिलं कुणाला होतोय. टेन्शनवाल्यांना जास्त झाला असं दिसलं नाही. आधी विचारलं हे महत्त्वाचं आहे, कारण झाल्यावर विचारलं तर प्रत्येक बाईला काही ना काही आठवतंच, सासू कुणाला नसते? तुझ्या सासूबाईंनी तुला छळलं ते छळलंच, त्याचा राग वेगळा ठेव, तो खराच आहे. पण गाठ त्यांनी केली नाही आणि तू गप्प बसलीस म्हणूनही झाली नाही. त्या चिनी वैद्याचा मला राग येत नाही, त्याने निदान बाईला घरात काय सोसावं लागतं हे रोगाच्या पानावर लिहिलं, तेव्हा कोण लिहीत होतं. पण त्याच वाक्याचं आज 'तू मनाला लावून घेतलंस' असं होतं आणि सगळं परत पेशंटच्याच डोक्यावर.

आता मुख्य काम. तुला फॉर्मवर आईकडची हिस्टरी विचारली, तू 'नाही' लिहिलंस. अगं पण बाबांकडची? तुझी ती नागपूरची आत्या, चव्वेचाळिसाव्या वर्षी गेली, सगळे म्हणायचे पोटात पाणी झालं. पोटात पाणी होणं हे ओव्हरीच्या कॅन्सरमध्येही होतं, आणि ब्राका नावाचे जे दोन जीन आहेत ते बिघडले की स्तन आणि ओव्हरी दोन्हींचा धोका एकदम वाढतो. हा बिघाड बाबांकडूनही तसाच येतो, पण आत्या कुणी मोजतच नाही. असा वारशाने येणारा कॅन्सर सगळ्यांत मिळून ५ ते १० टक्केच, पण ज्या बाईत तो जीन बिघडलेला असतो तिला ऐंशीपर्यंत स्तनाचा कॅन्सर व्हायची शक्यता सत्तर टक्क्यांच्या आसपास जाते. तुझं वय सत्तेचाळीस, आत्याचं असं, तर ऑन्कोलॉजिस्टना स्वतःहून सांग आणि जेनेटिक टेस्टचं विचार. ओवीची आत्ता काही करायची नाही, ती तेरा वर्षांची आहे, मोठी झाली की तिचं ती ठरवेल.

आणि ताईला मात्र पाठव, ती एक्कावन्न झाली. तू विचारलंस ना, घरच्या घरी हाताने तपासलं तर चालेल का? शांघायच्या कापड गिरण्यांमध्ये अडीच लाखांहून जास्त कामगार बायकांवर हाच प्रयोग झाला, निम्म्यांना नीट शिकवलं, दहा वर्षं पाहिलं, मृत्यू काही कमी झाले नाहीत, उलट साध्या गाठींच्या बायोप्सी वाढल्या. पण मुंबईत टाटा हॉस्पिटलच्या लोकांनी झोपडपट्ट्यांमध्ये शिकवून तयार केलेल्या बायकांकडून दर दोन वर्षांनी अशी चार वेळा तपासणी करून घेतली, एकूण वीस वर्षं लक्ष ठेवलं, आणि पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. सगळ्या वयांचं मिळून बघितलं तर फरक तेवढा पक्का नव्हता. ताईला एवढंच सांग की शिकलेल्या हाताने तपासून घे, मॅमोग्राम परवडला तर तोही कर, 'मला काही होत नाही' हे तिचं वाक्य मला पाठ आहे.

ती श्याओ याओची पूड तुला पाठवू का विचारलं होतंस. नाही पाठवणार. तुझी गाठ हार्मोनवर वाढणारी आहे, आणि त्या चूर्णात डांग ग्वे नावाचं मूळ असतं, प्रयोगशाळेत त्याच्या अर्काने स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी वाढलेल्या दिसल्यात. माणसात काय होतं हा पुढचा प्रश्न, पण ती रिस्क तुझ्यावर कशाला. मावशीने आणलेला काढा पण आधी डॉक्टरांना दाखव, बाटलीसकट, नुसतं 'घरगुती आहे' म्हणू नकोस.

सोळा तारखेला येतेय, चौथ्या केमोला मी बसेन तुझ्याबरोबर, भावजींना एक दिवस सुट्टी दे. तोवर बाबांना विचारून आत्याचे जुने कागद शोधून ठेव, त्यांच्या लोखंडी कपाटात वरच्या कप्प्यात सगळ्यांची डेथ सर्टिफिकेटं असतात, लाइट बिलांच्या खाली. मीच विचारलं असतं, पण मला फोनवर ते आधी इथला सोन्याचा भाव विचारतात आणि मग रेंज जाते.

तुझी,
मंजी