रविवारच्या सायकल राइडसाठी दिवे आणि रिफ्लेक्टर तपासून या

सर्व सदस्यांना नमस्कार.

रविवारी पहाटे ५ वाजता स्वारगेटहून निघून जुन्या कात्रज घाटाने खेड शिवापूरला जायचे आहे. जानेवारीत पुण्यात सूर्योदय सातच्या सुमारास होतो. म्हणजे घाट आणि त्यातला बोगदा अंधारातच पार करावा लागेल. म्हणून पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा सर्वांना सक्तीचा आहे. दिवा नसेल त्यांना सोबत घेता येणार नाही.

"रिफ्लेक्टर आहे ना, मग पुरे" असे काहीजण म्हणतात. ते पुरेसे नाही. रिफ्लेक्टरवर हेडलाइटचा झोत पडला तरच तो चमकतो. वळणावर किंवा बाजूच्या रस्त्याने येणाऱ्या गाडीचा झोत आपल्यावर पडेपर्यंत ती अगदी जवळ आलेली असते. फ्लोरोसंट पिवळ्या जर्सीचा उपयोगही दिवसाच. रात्री उपयोगी पडते ती चमकणारी पट्टी. पेडलचे रिफ्लेक्टर मात्र काढू नका. ते वर-खाली हलतात, त्यामुळे समोर सायकल आहे हे चालकाला लांबूनच कळते. पेडल बदलल्यामुळे त्यावर रिफ्लेक्टर नसतील तर घोट्याला चमकणारी पट्टी बांधा.

मागचा दिवा सॅडलबॅग (सीटखाली लावलेली पिशवी) किंवा लांब जॅकेटखाली झाकला जातो, हे नेहमी दिसते. सायकलवर बसून दुसऱ्या कोणाला तरी मागून पाहायला सांगा. रांगेत चालवताना मागचा दिवा लुकलुकता न ठेवता स्थिर ठेवा, मागच्याच्या डोळ्यांना त्रास होतो. पुढच्या दिव्याचा रोख रस्त्याकडे असू द्या.

शनिवारी रात्री दिवे पूर्ण चार्ज करा. निघण्यापूर्वी पावणेपाचला प्रत्येकाची सायकल तपासली जाईल.