टँकरच्या चाकोरीखालची माती : पेव्हर पुन्हा बसवण्याआधी

मा. अध्यक्ष व व्यवस्थापन समिती,
पर्वरी, बार्देश, गोवा

विषय : फाटक ते बी विंग रस्त्याची दुरुस्ती चतुर्थीनंतर आणि भरावापासून करण्याबाबत

महोदय,

पाण्याचे टँकर ये-जा करून खचलेले पेव्हर (रस्त्यावर बसवलेले काँक्रीटचे ठोकळे) उचलून, वाळू भरून पुन्हा बसवण्याचा ठराव सभेपुढे आहे. तो मंजूर करू नये, अशी कळकळीची विनंती. हाच उपाय मागची दोन वर्षे झाला आणि जूनच्या पावसात चाकोऱ्या परत पडल्या. दोष पेव्हरचा नाही, खालच्या मातीचा आहे.

आपली जागा पठाराच्या उतारावर आहे. फाटकाकडचा रस्ता कापलेल्या जांभ्या खडकावर आहे, तिथे एकही पेव्हर हललेला नाही. बी विंगकडे मात्र भराव आहे: तांबडी माती, चिऱ्यांचे (जांभ्याच्या बांधकामाच्या दगडांचे) तुकडे आणि जांभ्याखाली निघणारी पांढरट-पिवळसर चिकणमाती. सुकली की ही माती कुदळीला दाद देत नाही, भिजली की बोटाने दबते. पेडण्याच्या बोगद्यात ओल्या, मऊ मातीने कोकण रेल्वेला किती त्रास दिला, हे गोव्यात सर्वांना ठाऊक आहे.

चाक गेले की माती दबते आणि बरीचशी परत वर येते. मिलिमीटरचा लहानसा अंश मात्र दबलेलाच राहतो. भार मातीला सोसण्याजोगा असेल, तर हा अंश फेरीगणिक घटतो आणि रस्ता स्थिरावतो. मर्यादा ओलांडली की तो थांबत नाही, प्रत्येक फेरी भर घालत जाते. पावसाळ्यात ती मर्यादाच खाली येते, कारण चिकणमातीतल्या पाण्याला चाकाखालच्या क्षणभरात बाहेर पडायला वाट नसते. दाब पाणीच घेते आणि कणांची एकमेकांवरची पकड सुटते. टँकर गेल्यावर सांध्यांतून लाल गढूळ पाणी उसळते ते यामुळेच. त्याबरोबर बारीक माती वर येते, खाली पोकळी होते आणि वरची वाळू त्यात उतरते. दरवर्षी भरलेली वाळू जाते ती तिथे. वाळूचा थर जाड केला तर तो स्वतःच चाकाखाली सरकतो. पेव्हरखाली 20 ते 40 मिमीच वाळू हवी.

1958 ते 1960 दरम्यान अमेरिकेतील इलिनॉय राज्यात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर सतत ट्रक फिरवून चाचणी झाली. रस्त्याचे नुकसान एक्सलवरच्या (चाकांच्या जोडीच्या आसावरच्या) भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते, म्हणजे भार दुप्पट तर नुकसान सोळापट, हा नियम तिच्यातून आला. दहा हजार लिटरच्या भरलेल्या टँकरचा मागचा एक्सल सुमारे 10 टनांचा, मोटारीचा 0.7 टनाच्या आसपास. म्हणजे टँकरची एक फेरी चाळीस हजार मोटारींच्या फेऱ्यांएवढी. पाच हजार लिटरचा टँकर घेतला तर एक्सल साधारण 6 टन. तेवढ्याच पाण्यासाठी दोन फेऱ्या धरूनही नुकसान जेमतेम चौथा हिस्सा. याहून उत्तम म्हणजे फाटकापाशी, जांभ्यावर, टँकर रिकामा करण्याची जोडणी ठेवून 75 मिमी पाइपने पाणी टाकीपर्यंत नेणे. हा खर्च आधी करावा.

खालच्या बाजूची चिऱ्यांची संरक्षक भिंत अधिक काळजीची आहे. टँकर जवळून गेला की भराव तिला किंचित बाहेर ढकलतो, मागच्या फटीत माती उतरते आणि भिंतीला परत यायला जागा उरत नाही. दगडही वारंवारच्या भाराने थकतो: बारीक भेगा वाढत जातात आणि एकदाच दिलेला जो भार त्याने सोसला असता त्याहून कमी भाराला तो फुटतो. भिजलेला चिरा तर आणखी दुबळा. भेगेवर काचपट्टी चिकटवून तारीख लिहावी. पट्टी तडकली तर भिंत हलते आहे. भिंतीच्या उंचीइतक्या अंतरात टँकर आजपासूनच बंद करावा आणि बुजलेली पाणी काढणारी भोके मोकळी करावीत.

दुरुस्तीआधी चाकोरीत आणि चाकोरीबाहेर असे दोन खड्डे, 60 सेंमी चौरस व मीटरभर खोल, खणून पाहावेत. तिथली माती प्रयोगशाळेत देऊन चार दिवस भिजवलेल्या मातीची सीबीआर चाचणी (माती किती भार सोसते ते सांगणारी) आणि प्रॉक्टर चाचणी (माती जास्तीत जास्त किती घट्ट दाबता येते ते सांगणारी) करून घ्यावी. नंतर टँकरच्या पट्ट्यातली चिकणमाती पूर्ण काढून चांगली जांभ्याची माती भरावी. सैल थर 200 मिमीहून जाड नको. मूठभर माती दाबल्यावर गोळा टिकला पाहिजे आणि हाताला पाणी लागता कामा नये. वरच्या अर्ध्या मीटरची घनता प्रॉक्टर चाचणीतल्या कमाल घनतेच्या 97 टक्के आल्याचा कागद घेतल्याशिवाय पुढचे बिल देऊ नये. ठेकेदार इथेच घाई करतो, कारण वरून काही दिसत नाही. त्यावर जिओटेक्स्टाइल (माती आणि खडी वेगळी ठेवणारे कापड), 200 मिमी जीएसबी (खडीचा खालचा थर), 200 मिमी डब्ल्यूएमएम (पाणी घालून मिसळलेल्या खडीचा थर), 30 मिमी वाळू आणि 80 मिमी पेव्हर. कडेला काँक्रीटचा कर्ब (कठडा) हवाच, नाहीतर पेव्हर बाहेर सरकतात. वरच्या अंगाला कापडात गुंडाळलेला 100 मिमीचा सच्छिद्र पाइप घालून पाणी गटारात काढावे. मातीपर्यंत पाणी पोहोचत राहिले तर बाकी सगळे व्यर्थ जाईल.

पावसात भराव दाबता येत नाही, म्हणून हे काम चतुर्थी उलटून माती सुकल्यावरच घ्यावे. खड्डे मात्र याच आठवड्यात खणावेत आणि ते उघडताना समितीतल्या कुणीतरी हजर राहावे.

आपला,
बी विंगमधील एक रहिवासी