‘टेम्पो’ इंग्रजी नव्हे

मा. संपादक,
स. न.

संगीतविषयक लिखाणात ‘टेम्पो’ या इंग्रजी शब्दाऐवजी सरसकट ‘लय’ लिहावे, अशी सूचना आपल्या दैनिकात एका वाचकाने नुकतीच केली आहे. त्यामागची मराठीविषयीची कळकळ मला मान्य आहे. परंतु ‘टेम्पो’ मुळात इंग्रजी नाही आणि ‘लय’ हा त्याचा नेमका प्रतिशब्दही नाही.

हा शब्द इटालियन. त्या भाषेत त्याचा रोजचा अर्थ वेळ असा आहे आणि हवामानालाही तोच शब्द चालतो. संगीताच्या वाटेने तो इतर भाषांत गेला, तेव्हा गतीचा अर्थ तेवढा बरोबर राहिला. जर्मनमध्ये तो कोणत्याही वेगाला लागला व हॅम्बुर्गच्या एका कारखान्याने आपल्या तीनचाकी मालगाड्यांना तेच नाव दिले. १९५८ साली सुरू झालेल्या आणि पुढे बजाज टेम्पो म्हणून ओळखल्या गेलेल्या कंपनीने त्या गाड्या आपल्याकडे आणल्या. आज मार्केट यार्डात गुळाचे रवे भरणारे हमाल कोणत्याही छोट्या मालगाडीला टेम्पोच म्हणतात. महाद्वार रोडवरील विसर्जन मिरवणुकीत टेम्पोच्या हौद्यात उभा राहिलेला बँजोवाला खालच्या हलगीवाल्याला ‘टेम्पो वाढव’ म्हणून ओरडतो, तेव्हा कोणाचाही घोटाळा होत नाही. इतका हा शब्द आपला झाला आहे.

तबला शिकवताना मात्र मी तो वापरत नाही. विद्यार्थी हातावर टाळी-खाली (टाळी वाजवून व हात उघडून तालाचे भाग) दाखवत तीनताल हा सोळा मात्रांचा ताल म्हणतो, तेव्हा मिनिटाला किती मात्रा, म्हणजे तालातले ठोके, एवढे सांगून भागत नाही. दोन मात्रांमधले अंतर सारखे राखणे ही लय, आणि ते अंतर न ढळू देता बोलांची दुगुन करणे, म्हणजे तेवढ्याच वेळात तबल्याची दुप्पट अक्षरे वाजवणे, हेही लयीचेच काम. विलंबित (संथ), मध्य, द्रुत (जलद) ही लयीची नावे एकमेकींच्या नात्याने ठरतात. उलट इटालियन संज्ञांपैकी ‘अलेग्रो’ म्हणजे मुळात आनंदी आणि ‘अंदान्ते’ म्हणजे चालता; त्यांचा वेग आकड्यात बांधण्याची सोय मेल्त्सेल या जर्मन यंत्रकाराने १८१५ साली मेट्रोनोमचे, म्हणजे ठरावीक वेगाने ठोके देणाऱ्या यंत्राचे, पेटंट घेतल्यानंतर रुळली.

अल्लादिया खाँसाहेब ज्या कोल्हापूर दरबारचे गायक होते, तेथील वाचकाला त्यांच्या जयपूर-अत्रौली घराण्याच्या ख्यालगायकीतली मध्यलय ‘मध्यम टेम्पो’ म्हणून सांगितली जाऊ नये, हे मलाही मनापासून वाटते. म्हणून विनंती एवढीच की, ख्याल व तबल्याविषयी लिहिताना ‘लय’ लिहावे, परंतु पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या वृत्तात आणि मिरवणुकीच्या बातमीत ‘टेम्पो’ हा शब्द निःसंकोच राहू द्यावा.

आपला नम्र,
एक तबलाशिक्षक
मंगळवार पेठ, कोल्हापूर