तुणतुण्याची पावती

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या मंगळवारी ज्येष्ठ कलावंतांच्या मानधनासाठी तिसरा हेलपाटा घातला. अर्जातल्या यादीत ढोलकी आहे, तबला आहे, पेटी आहे. तुणतुणं नाही. 'इतर'मध्ये लिहिलं, तर साहेब म्हणाले, वाद्य खरेदीची पावती जोडा. घरी बनवलंय म्हटलं. त्यावर, "काका, तेच तेच तुणतुणं वाजवू नका." मागची रांग हसली.

१९८१ साली तमाशात वाजवायला मी ते बनवलं. गोडेतेलाचा पत्र्याचा डबा, दोन्ही तोंडं कापलेली. खालच्या तोंडाला बोकडाचं ओलं कातडं ताणून बसवलं, मधोमध भोक पाडून तार वर घेतली, बाजूला वेळूची काठी, काठीला खुंटी. तार एकच. एका तारेवर वाजवता काय, हाही प्रश्न झाला. अहो, ती एक तार गाणाऱ्या बाईच्या षड्जाला, म्हणजे तिच्या 'सा'ला लागलेली असते. ढोलकी कितीही उधळू दे. पहाटे दव पडलं की कातडं सैलावतं, सूर उतरतो. मग तोंडाने 'जी जी'ची झील, म्हणजे गाण्यामागची साथ, धरायची, दोन टोल्यांच्या मधे खुंटी पिळायची, आणि बाईला कळूसुद्धा द्यायचं नाही. अंगठ्याजवळचा घट्टा अजून आहे. त्याचा फोटो जोडला तर चालेल का?

१९८१ ते २०२३. कोरोनाची दोन वर्षं सोडा. हंगामाला दीडशे रात्री धरा, सहा हजार झाल्या. तोंडी हिशेब आहे, शंभर-दोनशे इकडे तिकडे. त्या दोन वर्षांत जत्राच नव्हत्या, तेव्हा मी वीटभट्टीवर गेलो. सुरत्याला, म्हणजे तुणतुणं वाजवत झील धरणाऱ्याला, घरी बसवून कोण पोसणार?

२०२४ पासून तुम्ही मानधन सरसकट ५,००० केलंत. टाळ्या वाजवल्या मीही. पण जिल्ह्याला वर्षाला शंभर जण! आमच्याकडे एका फडातच पन्नास-साठ माणसं. बाकीच्यांनी काय मरायची रांग लावायची? तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हातून सन्मान मिळाला, शेवटचे दिवस मात्र ओढगस्तीत काढले. आता त्यांच्या नावाने पुरस्कार देता. आधी माणूस जाऊ द्यायचा, मग शाल काढायची, ही रीतच आहे तुमची. तुमची म्हणजे सगळ्यांचीच, पक्ष कोणताही असो.

महोत्सवाच्या कमानीवर तुणतुणं रंगवलेलं होतं बरं का. शेजारी तुमचा फोटो, वीस फुटी तरी असेल. रात्रीचे दहा वाजले की फौजदार आमचा स्पीकर बंद करतो. सभा लांबली की त्याच फौजदाराचं घड्याळ बंद पडतं.

येत्या मंगळवारी पुन्हा बोलावलंय. वाद्य घेऊनच येतो. पावती त्या तेलाच्या डब्याची लागेल की बोकडाची, तेवढं साहेबांना विचारून कळवा. बोकड उधारीवर घेतला होता.

आपला,
एक सुरत्या