आपल्यावाचून कुणाचं अडतं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२० मार्चच्या जागतिक आनंद दिनानिमित्त आपल्या पुरवणीत सुखी आयुष्याची दहा सूत्रं छापून आली होती. पहाटे उठा, ध्यान करा, रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी वहीत लिहा, मोबाइल लांब ठेवा, स्वतःसाठी वेळ काढा, स्वतःवर प्रेम करा वगैरे. यातलं एकही सूत्र चुकीचं नाही. मी स्वतः त्यातली चार पाळते (पहाटे उठण्याचं त्यात नाही). पण यादी दुसऱ्यांदा वाचली तेव्हा एक गोष्ट खटकली. दहाच्या दहा सूत्रांत माणूस एकच, तो म्हणजे आपण स्वतः. दुसरं कुणी तिथे फिरकतसुद्धा नाही.

माझ्या सासूबाई ८३ वर्षांच्या आहेत. तीन वर्षांपूर्वी घरातच पाय घसरून पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं. त्यानंतर आम्ही सगळ्यांनी मिळून, अगदी मनापासून, त्यांच्या हातातलं एकेक काम काढून घेतलं. ‘आई, तुम्ही बसा, मी करते.’ ‘आजी, तू उठू नकोस.’ कपड्यांच्या घड्या मी घालू लागले, कुंड्यांना पाणी नवरा घालू लागला, नातेवाइकांना फोन करून खबरबात घेण्याचं त्यांचं खातं मुलाकडे गेलं. औषधं वेळेवर, टीव्हीचा रिमोट उशाशी, पाठीला मऊ तक्क्या. आणि त्या दर अर्ध्या तासाने विचारायच्या, ‘किती वाजले?’ सांगितलं की मान हलवायच्या. त्या उत्तराचं त्यांना पुढे काहीच करायचं नसे. डॉक्टर म्हणाले, वयोमानानुसार होतं असं.

मग शेजारी नवीन कुटुंब राहायला आलं. नवराबायको दोघंही नोकरीवर, मुलगी पाचवीत. ती शाळेतून चारला येते, आई घरी पोचते सहाला. मुलीने महिन्याभरात दोन किल्ल्या हरवल्या. शेवटी तिच्या आईने संकोचत विचारलं, किल्ली तुमच्याकडे ठेवली तर चालेल का? मी दिवसभर कामावर, म्हणून किल्ली सासूबाईंकडे गेली.

पहिला आठवडा त्यांनी ती उशीखाली ठेवली. मग वॉकरच्या दांडीला लाल लोकरीने बांधली, आणि गाठ इतकी पक्की की ती सोडायला दोन मिनिटं लागतात. पण ती त्यांनीच सोडायची, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. साडेतीनला त्या दाराजवळच्या खुर्चीत येऊन बसतात. एकदा मुलगी वीस मिनिटं उशिरा आली, तर यांनी तिच्या आईला थेट ऑफिसात फोन लावला, आमच्यापैकी कुणालाही न विचारता. पडल्यापासून स्वतःहून लावलेला तो त्यांचा पहिला फोन. ‘किती वाजले?’ अजूनही विचारतात, पण आता उत्तर ऐकून हिशेब करतात. वयोमान म्हणाल तर ते वाढलंच आहे.

हा आमच्याच घरचा चमत्कार असं मला वाटत होतं. पण एलेन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमात जवळपास हेच करून पाहिलं होतं. तो प्रयोग १९७६ साली प्रसिद्ध झाला. एका मजल्यावरच्या रहिवाशांना व्यवस्थापकाने सांगितलं, खोली कशी लावायची, वेळ कसा घालवायचा हे तुमचं तुम्ही ठरवा. त्यांना एकेक रोप निवडू दिलं आणि त्याची निगा त्यांच्यावरच सोपवली. दुसऱ्या मजल्यावर तितक्याच आपुलकीने सांगितलं, तुम्ही निश्चिंत राहा, आम्ही आहोत ना. रोप त्यांनाही मिळालं, पण पाणी परिचारिका घालणार. तीन आठवड्यांनी पाहिलं तेव्हा रोप सांभाळणारी मंडळी जास्त तरतरीत होती, माणसांत जास्त मिसळत होती. दीड वर्षाने त्यांच्यातले मृत्यूही कमी दिसले, असं या प्रयोगाबद्दल नेहमी सांगितलं जातं. पण त्या आकडेमोडीत पुढे दुरुस्ती छापावी लागली आणि तो फरक ठासून सांगण्याइतका उरला नाही. म्हणून मृत्यूचं सोडून देऊ. मला त्यातली बोचणारी गोष्ट वेगळीच आहे. दुसऱ्या मजल्यावर कुणीही वाईट वागलं नव्हतं. आम्ही घरी जे केलं तेच तिथे केलं जात होतं, काळजी म्हणून.

याहून जुनी एक गोष्ट तर चटका लावते. ऑस्ट्रियातल्या मारीएनथाल नावाच्या छोट्या गावात कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ अख्खं गाव बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल हे अभ्यासक तिथे गेले. त्यांचा अभ्यास १९३३ साली छापून आला. पैशाची चणचण तर होतीच. पण रिकामा वेळ एवढा हाताशी असताना वाचनालयातून पुस्तकं नेण्याचं प्रमाण वाढायला हवं होतं ना? ते निम्म्यावर आलं. अभ्यासकांनी आडोशाला बसून, हातात घड्याळ धरून, रस्त्यावरून जाणाऱ्यांची चाल मोजली. पुरुष रेंगाळत, थांबत थांबत जायचे. बायका त्यांच्यापेक्षा झपाझप, कारण त्यांच्या मागे घरचं काम होतंच. आणि दिवसभर काय केलं असं विचारलं की या पुरुषांना धड सांगता येत नसे. ज्यांच्यासाठी कुठेच कुणी खोळंबलेलं नाही, त्यांची पावलंसुद्धा जड होतात, हे कुणी घड्याळ लावून मोजलं असेल असं मला वाटलं नव्हतं.

पैशाबद्दल दोन शब्द लिहायला हवेत, नाहीतर हे पत्र पोट भरलेल्या माणसाचं प्रवचन वाटेल. पैशाने सुख मिळत नाही, हे वाक्य मी आजवर पैसेवाल्यांच्याच तोंडून ऐकलं आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि अर्थशास्त्रज्ञ अँगस डीटन यांनी २०१० साली मांडलं की अमेरिकेत वर्षाला सुमारे ७५,००० डॉलर उत्पन्नानंतर रोजची मनःस्थिती आणखी सुधारत नाही. ते वाक्य जगभर फिरलं. २०२१ साली मॅथ्यू किलिंग्जवर्थ या संशोधकांना असा टप्पा सापडलाच नाही. मग भांडत न बसता काहनेमन आणि किलिंग्जवर्थ यांनी बार्बरा मेलर्स यांना मध्यस्थ घेऊन एकत्र काम केलं (असे वाद असे मिटतात, हेही एक सुखच) आणि २०२३ मध्ये सांगितलं: बहुतेकांचं सुख उत्पन्नाबरोबर वाढत राहतं, जे मुळातच फार दुःखी आहेत, त्यांच्या बाबतीत मात्र एका टप्प्यानंतर पैसा हात टेकतो. थोडक्यात, पैसा हवा. घरभाड्याची चिंता डोक्यावर असलेल्या माणसाला वहीत तीन चांगल्या गोष्टी लिहायला सांगणं ही चेष्टा आहे.

तरी पैसा हात टेकतो तिथे पुढे काय, हा प्रश्न उरतोच. हार्वर्ड विद्यापीठात १९३८ पासून चाललेला अभ्यास यासाठी सगळेच पुढे करतात. २६८ हार्वर्डचे विद्यार्थी आणि पुढे त्यात जोडलेली बॉस्टनच्या गरीब वस्त्यांमधली ४५६ मुलं. सगळे पुरुष, ही त्यातली मोठी उणीव. आयुष्यभर त्यांचा पाठपुरावा झाला, आता त्यांच्या मुलांचाही होतो. निघालेला निष्कर्ष असा की म्हातारपणी कोण ठणठणीत आणि समाधानी राहणार, याचा अंदाज नात्यांच्या उबेवरून फार चांगला बांधता येतो. त्या अभ्यासात विचारलेला एक प्रश्न मला आवडतो: मध्यरात्री बरं वाटेनासं झालं किंवा भीती वाटली, तर तुम्ही कुणाला फोन कराल? काहींना एकही नाव सुचलं नव्हतं.

मी हा प्रश्न उलटा करून स्वतःला विचारला. मध्यरात्री मला कोण फोन करील? पहिल्या प्रश्नाला मी पटकन पाच नावं सांगितली होती. दुसऱ्याला दोन, आणि त्यातलं एक सांगताना चाचरले. ज्या बहिणीला मी हक्काने उठवलं असतं, ती मला उठवील का याची मला खात्री वाटेना. गेल्या काही वर्षांत तिने काही सांगायला सुरुवात केली की मी घाईतच असायची. त्या रात्री मी बराच वेळ जागी होते. दुसऱ्या दिवशी तिला फोन केला, कारण काही सांगितलं नाही. ती म्हणाली, ‘काय गं, बरं आहे ना सगळं?’ म्हणजे नुसती चौकशी करायला मी फोन करीन हे तिच्या डोक्यातच नव्हतं.

आता कुणी म्हणेल, आमच्यावाचून तर सगळ्यांचंच अडतं, आणि आम्ही काही सुखी नाही. हे अगदी खरं आहे, आणि असं म्हणणाऱ्या बहुतेक बायकाच असतील. अडणं आणि अडकणं यांत एका ‘क’चा फरक आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची वर्षानुवर्षं सेवा करणारीला, ‘तुझ्यावाचून त्यांचं पान हलत नाही हो’ हे कौतुक आता दोरखंडासारखं वाटत असतं. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी माणसाच्या मनाच्या तीन मूलभूत गरजा सांगितल्या आहेत: आपलं आपण ठरवता येणं, काहीतरी नीट जमणं आणि आपलेपणा. सेवा करणारीकडे दुसरी आणि तिसरी असते, पहिली तिला कुणी विचारलेलीच नसते. माझ्या सासूबाईंना मात्र किल्लीला ‘नको’ म्हणायची पूर्ण मुभा होती. त्या ‘हो’ म्हणाल्या. म्हणून कुणाला उपयोगी पडण्याचं सुख सांगताना, ते कुणाच्या गळ्यात मारलेलं आहे का, हे आधी पाहावं लागतं. घरातल्या दोघांचं ओझं एकीच्या डोक्यावर आणि तिसरा बिनकामाचा तक्क्याला टेकलेला, अशी वाटणी मी बऱ्याच घरांत पाहिली आहे. त्यात दोन्हीकडून दुःखच तयार होतं.

राहता राहिला विश्वास. आनंदाच्या जागतिक अहवालात फिनलंड २०१८ पासून २०२५ पर्यंत सलग आठ वेळा पहिला आला. तिथली माणसं दिवसभर हसत असतात असं नव्हे. लोकांना शून्य ते दहा पायऱ्यांची शिडी कल्पून, आपलं आयुष्य कितव्या पायरीवर आहे एवढंच विचारतात. २०२५ च्या अहवालात पाकिटाची गोष्ट आहे. हरवलेलं पाकीट परत मिळेल असं ज्यांना वाटतं, ती माणसं जास्त समाधानी असतात. आणि प्रत्यक्षात पाकिटं लोकांच्या अंदाजाच्या जवळपास दुप्पट प्रमाणात परत येतात. म्हणजे माणसं आपण समजतो त्याहून बरी आहेत आणि आपण विनाकारण झुरतो. शेजारणीने ओळख होऊन महिनाही झाला नसताना घराची किल्ली आमच्या हाती दिली, तेव्हा तिने अहवाल वाचला नव्हता. तिची अडचण होती. अडचण सांगायलाही विश्वास लागतो. मी तिच्या जागी असते तर किल्लीच्या आणखी चार प्रती करून घेतल्या असत्या आणि कुणाचं दार वाजवलं नसतं. त्या दिवशी खरं तर तिने सासूबाईंवर उपकार केले, आणि आभार मात्र रोज तीच मानते.

हे पत्र लिहिण्याआधी पुरवणीतली यादी मी सासूबाईंना वाचून दाखवली. पहिली तीन सूत्रं त्यांनी निमूट ऐकली. चौथं सुरू केलं तसा हात वर करून विचारलं, ‘किती वाजले?’

पावणेचार, म्हटलं.

‘मग राहू दे आता,’ म्हणाल्या, आणि लोकरीची गाठ सोडायला घेतली.

आपली,
एक नियमित वाचक